दोन तारे, पाच तारे

९ जानेवारी २०२३ ला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची फायनल झाली. निकाल होता ६५–७. जिंकलं जॉर्जिया विद्यापीठ, हरलं टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ, म्हणजे टीसीयू. टीसीयू काही नशिबाच्या जोरावर तिथवर पोहोचलं नव्हतं. सेमीफायनलला त्यांनी मिशिगनसारख्या तगड्या संघाला ५१–४५ असं हरवलं होतं. पण जॉर्जियासमोर पोरांचा पार धुव्वा उडाला. त्यानंतरच्या ऑफिसच्या कॉलवर अटलांटाचा माझा सहकारी कामाचं बोलायच्या आधी म्हणाला, “आमच्याकडे फाइव्ह-स्टार पोरं आहेत, त्यांच्याकडे नाहीत. विषय संपला.”

विषय अजिबात संपला नव्हता. कारण त्याच जॉर्जियाचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ चालतो तो, होता स्टेट्सन बेनेट. हा पोरगा २०१७ मध्ये विद्यापीठात आला तो स्कॉलरशिपशिवाय, ‘मी येतो, जमलं तर संघात घ्या’ असा. मधे कंटाळून मिसिसिपीतल्या एका छोट्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, परत आला, आणि त्या फायनलमध्ये चार टचडाउन पास टाकून वर दोन टचडाउन त्याने स्वतः पळून केले. आदल्या वर्षीची फायनलही जॉर्जियाने जिंकली होती, तेव्हाही क्वार्टरबॅक हाच.

म्हणजे तारेवाल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा आणि तारे न मानणाऱ्यांचा सगळ्यात मोठा पुरावा, दोघं एकाच संघाची जर्सी घालून उभे. गेली दोन-तीन वर्षं हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकतोय. ऑफिसात एका बाजूने, घरात दुसऱ्या बाजूने. आज त्यावर लिहितो.

हा खेळ ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि दर थोड्या वेळाने एकमेकांवर धडाधड आपटणारी अकरा-अकरा माणसं. व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, नियम असा की हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला घेता येत नाही. मधली वर्षं काढायची ती कॉलेजात. म्हणून कॉलेजचा फुटबॉल हा तिथे अवाढव्य कारभार आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला प्रिन्सिपॉल आले तरी खूप झालं!

हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात, आणि वरच्या पातळीवरची विद्यापीठं साधारण १३५. कोणी कोणाला घ्यायचं ही जी ओढाताण चालते तिला रिक्रूटिंग म्हणतात. आणि त्या ओढाताणीवर पोट भरणारा एक वेगळाच धंदा आहे: रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन यांच्यासारखी मंडळी हायस्कूलच्या मुलांना तारे देतात. पाच तारे म्हणजे हिरा, चार म्हणजे उत्तम, तीन म्हणजे चांगला, दोन म्हणजे बघू. २४७स्पोर्ट्सचा हिशेब तर उघड आहे: पंचतारांकित मुलं दरवर्षी साधारण ३२, कारण एनएफएल खेळाडू निवडते तेव्हा पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. त्याखाली चार तारेवाले काही शे, आणि त्याखाली तीन तारेवाल्यांची भली मोठी गर्दी.

आपल्याकडे रँक म्हटलं की परीक्षा डोळ्यांसमोर येते. इथे परीक्षा नाही, पेपर नाही, आन्सर की नाही. माणसं पोरांचे व्हिडिओ बघतात, कॅम्पमध्ये जाऊन उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो ते बघतात, आणि मत देतात. सतरा वर्षांचा मुलगा बावीसाव्या वर्षी कसा असेल याचा तो अंदाज असतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचा अर्धा वाद सोपा होतो.

आता घरची बाजू. माझा मावसभाऊ वीसेक वर्षांपूर्वी बडोद्याहून टेक्ससला गेला. डॅलसच्या एका उपनगरात राहतो. आमच्या घराण्यात खेळाची परंपरा म्हणजे गणपतीतली संगीतखुर्ची, पण त्याचा मुलगा सहा फुटांच्या वर गेला आणि शाळेच्या संघात लाइनबॅकर झाला. गेल्या वर्षी त्याला एका यादीत दोन तारे मिळाले. दांडिया बाजारात बसून मावशीने विचारलं, “दोनच का रे? आपल्या स्टेशनजवळच्या लॉजलासुद्धा तीन असतात.” तेव्हापासून दादा ताऱ्यांचा कट्टर विरोधक आहे. अमुक सुपर बोलमध्ये पंचतारांकित किती कमी होते, तमुक महान खेळाडूला कोणी विचारलंच नव्हतं, असे मेसेज तो फॅमिली ग्रुपवर टाकत असतो. मध्येच कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं, मग पुढचा मेसेज.

दादाचे दाखले खोटे नाहीत. एनएफएलचा तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला जे. जे. वॉट हायस्कूलमध्ये दोन तारेवाला होता. सेंट्रल मिशिगनला गेला, तिथून निघाला, पिझ्झा पोहोचवायचं काम केलं, आणि विस्कॉन्सिनमध्ये स्कॉलरशिपशिवाय पुन्हा सुरुवात केली. जॉश ॲलन तर कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावातला. हायस्कूलनंतर एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला जागा दिली नाही. दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथून कोच लोकांना ढिगाने ईमेल पाठवली, शेवटी वायोमिंगने घेतलं. २०२४ च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ॲरन रॉजर्सची गोष्टही याच जातीची.

उलट्या बाजूला क्विन युअर्स. २०२१ च्या बॅचमधला हा क्वार्टरबॅक; सगळ्या याद्यांची सरासरी काढून जो आकडा २४७स्पोर्ट्स देते, त्यात त्याला पैकीच्या पैकी होते. एक पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य. टेक्सस विद्यापीठाला त्याने दोनदा सेमीफायनलपर्यंत नेलं, म्हणजे वाईट खेळला असं कोणी म्हणणार नाही. पण २०२५ च्या निवडीत एनएफएलने त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, २३१ व्या क्रमांकावर घेतलं.

हे वाचून तारे म्हणजे थोतांड असं वाटेल. पण इथेच दादाच्या मेसेजमध्ये एक जुनी गफलत लपलेली असते, आणि ती फुटबॉलची नाही, भागाकाराची आहे. हिशेबासाठी अगदी काल्पनिक आकडे घेऊ. समजा पंचतारांकित ३२ मुलांपैकी निम्मी एनएफएलमध्ये गेली: १६. आणि तीन तारेवाल्या १६०० मुलांपैकी शंभरात पाच गेली: ८०. आता एनएफएलच्या ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून मोजलं तर तीन तारेवाले पाचपट दिसतील. ‘बघा, ताऱ्यांना काही अर्थ नाही!’ पण हायस्कूलच्या दारात उभं राहून मोजलं तर पंचतारांकित मुलाची शक्यता दहापट आहे. दोन्ही वाक्यं खरी. छेद बदलला की अर्थ उलटा होतो. दादा अंशाकडे बघतो, अटलांटाचा सहकारी टक्क्याकडे, आणि दोघंही दुसऱ्याला मूर्ख समजतात.

खरे आकडेही याच दिशेला जातात, निदान संघाच्या पातळीवर. निक सेबन यांनी अलाबामात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या काळात भरतीच्या यादीत अलाबामा वर्षामागून वर्षं पहिलं असायचं. जॉर्जियाने २०१८ आणि २०२० ला भरतीत पहिला नंबर काढला, आणि २०२१ व २०२२ च्या हंगामांत विजेतेपद. त्या २०२१ च्या संघातले १५ जण पुढच्या एनएफएल निवडीत घेतले गेले. निवड सात फेऱ्यांची झाल्यापासून एका विद्यापीठातून एका वर्षी एवढे खेळाडू कधीच गेले नव्हते. बड इलियट नावाच्या पत्रकाराने यावरून एक साधा नियम मांडला: गेल्या चार वर्षांत भरती केलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जर चार किंवा पाच तारेवाली असतील, तरच तो संघ विजेता होऊ शकतो. होईलच असं नाही, पण विजेता होतो तो यांच्यातलाच. वर्षानुवर्षं हा नियम टिकला. टीसीयू त्या गटात नव्हतं. ६५–७ चं निम्मं स्पष्टीकरण तिथे आहे.

म्हणजे एका मुलाबद्दल बोलताना यादी डळमळते, पण पंचवीस मुलं एकत्र केली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि अंदाज बऱ्यापैकी बसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक युजर उद्या काय करेल ते आपण सांगू शकत नाही, एक लाख युजर काय करतील ते बऱ्यापैकी सांगतो. बेनेट हा एक मुलगा होता. त्याच्या पुढे-मागे उभा असलेला जॉर्जियाचा कळप म्हणजे सरासरी.

अर्थात सरासरीसुद्धा पगार घेऊन मैदानात उतरत नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२२ मध्ये जी मुलं गोळा केली ती, आकड्यांनी बघितलं तर, तोवरची सगळ्यात भारी बॅच होती. त्या वर्षी संघाने पाच सामने जिंकले आणि सात हरले. घरच्या मैदानावर ॲपलॅशियन स्टेटसारख्या छोट्या विद्यापीठाने त्यांना १७–१४ असं हरवलं. पुढच्या वर्षी कोच जिंबो फिशर यांना काढलं, आणि करार मोडल्याबद्दल विद्यापीठावर साडेसात कोटी डॉलरपेक्षा जास्त देणं बसलं. अठरा वर्षांची पोरं पहिल्याच वर्षी सामने जिंकून देत नाहीत, हे खरं. पण त्या बॅचमधली बरीच पोरं पुढे दुसरीकडे निघूनही गेली. चांगला माल आणणं वेगळं, स्वयंपाक वेगळा.

मला स्वतःला या याद्यांमध्ये खटकतं ते दुसरंच. तारे देणारा माणूस मुलाचा व्हिडिओ बघतो, आणि त्याला कोणकोणत्या विद्यापीठांनी बोलावलंय तेही बघतो. सेबन कोच असताना एखाद्या तीन तारेवाल्या पोराला अलाबामाने जागा देऊ केली, की ‘सेबनने काहीतरी बघितलं असणार’ म्हणून काही दिवसांत त्याचा चौथा तारा उगवायचा, अशी तक्रार तिथले चाहते कायम करायचे. तसं असेल तर यादी खेळाडूचं भाकीत करतेय की कोचचं मत परत छापतेय? मॉडेल शिकवताना उत्तराचा तुकडा प्रश्नात शिरला तर आम्ही त्याला लीकेज म्हणतो, आणि असं मॉडेल फार हुशार दिसतं. अलाबामा जिंकतं कारण त्यांच्याकडे चार तारेवाले आहेत, आणि ती पोरं चार तारेवाली आहेत कारण त्यांना अलाबामाने निवडलं. पूर्ण गोल नाही, पण वळण नक्की आहे. तरीही माझं मत असं की यामुळे यादी निरुपयोगी ठरत नाही. चांगल्या कोचचं मत हीसुद्धा माहितीच आहे. फक्त ती स्वतंत्र माहिती म्हणून विकू नये. आणि विकली तर जातेच. या साइट्सचं उत्पन्न वर्गणीवर चालतं, आणि वर्गणी भरतो तो मोठ्या विद्यापीठांचा चाहता.

दुसरी गोष्ट दिसण्याची. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया या राज्यांत दर शुक्रवारी रात्री शाळांच्या मैदानांवर बघणाऱ्यांची गर्दी असते. फायरबॉत कोण जातो? जॉश ॲलनचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे तो उशिरा वाढला. सोळाव्या वर्षी अंगाने भरलेला मुलगा मैदानात राजा असतो, म्हणून बघणाऱ्यांनाही तोच आवडतो. उशिरा वाढणारा त्याच मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली धरून उभा असतो. आमचा दोन तारेवाला गेल्या दहा महिन्यांत पाऊण इंच वाढलाय. दादा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करतो. तारे मात्र तेवढेच.

आता यादीचं वजन खरोखर कमी होतंय, पण ते वेगळ्या कारणाने. पूर्वी हायस्कूलमधून जिथे गेलात तिथेच बहुतेक वेळा राहावं लागे. दुसऱ्या विद्यापीठात गेलं की एक वर्ष बाहेर बसायचं. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ मध्ये ते बाहेर बसणंही सुटलं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. त्यामुळे कोचला सतरा वर्षांच्या पोरावर जुगार खेळण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून दाखवलेला एकवीस वर्षांचा तयार गडी घेणं परवडतं. अंदाजाऐवजी पुरावा.

याचं टोक म्हणजे इंडियाना. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक पराभव पदरी असलेल्या संघांपैकी एक. कर्ट सिग्नेटी तिथे कोच झाले, येताना जुन्या कॉलेजातली आपली पोरं बरोबर घेऊन आले, पोर्टलमधून आणखी आणली. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हायस्कूलच्या यादीत फार खाली होता. आधी कॅलिफोर्निया विद्यापीठात खेळला, मग इंडियानाला आला, आणि २०२५ चा हाइझमन करंडक, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याला मिळाला. जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने फायनलमध्ये मायामीला २७–२१ असं हरवलं. हंगाम १६–०. निम्म्याहून जास्त चार-पाच तारेवाल्यांचा तो नियम इथे मोडला. अटलांटाचा सहकारी पुढच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवून होता.

दादाने मात्र त्या रात्री ग्रुपवर अकरा मेसेज टाकले. मी त्याला फोन करून म्हटलं, “दादा, हा तुझा पुरावा नाही. इंडियानाने सतरा वर्षांच्या दोन तारेवाल्यांना संधी दिली म्हणून ते जिंकले नाहीत. दुसऱ्यांनी संधी देऊन तयार केलेली पोरं त्यांनी उचलली. तुझ्या मुलासाठी ही बातमी चांगली नाही, उलट काळजीची आहे.”

कारण आता प्रश्न ताऱ्यांचा राहिलेलाच नाही. मुलाकडे दोन रस्ते आहेत. एका मोठ्या विद्यापीठाचा कोच म्हणतो, ये, पण वॉक-ऑन म्हणून, स्कॉलरशिप नाही. दुसरं एक छोटं, डिव्हिजन थ्रीचं कॉलेज. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देण्याचा नियमच नाही, पण मार्क चांगले असतील तर फी बरीच कमी होते, आणि पहिल्या वर्षापासून मैदानात उतरायला मिळेल. दादाचं मन मोठ्याकडे. बेनेट वॉक-ऑनच होता ना? वॉटपण?

होते. पण तेव्हा मोठ्या संघांत ८५ स्कॉलरशिपवाले आणि त्यांच्याशिवाय वॉक-ऑन पोरं कितीही ठेवता येत, एकूण आकडा शंभराच्या बराच वर जाई. २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर ती मानणाऱ्या विद्यापीठांच्या संघाला १०५ ची मर्यादा आली. जागा कमी झाल्या त्या नेमक्या शेपटीच्या, जिथून बेनेट वर आला. वर पोर्टलमधून दरवर्षी तयार गडी येणार. म्हणून मी दादाला म्हटलं, मोठ्या कोचला ताऱ्यांबद्दल काही विचारू नकोस. दोनच गोष्टी विचार: पुढच्या वर्षी तुमचे लाइनबॅकर किती जण बाहेर पडतायत, आणि त्या जागांवर हायस्कूलमधून किती घेणार, पोर्टलमधून किती?

दादाने ईमेल केली. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. छोट्या कॉलेजच्या कोचने दरम्यान तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी त्याने मुलाच्या कॅल्क्युलसचे मार्क विचारले. आता दादाचा कल कुठे झुकला असेल ते, तुम्हीही आपल्याच घरांतले असल्यामुळे, मी सांगायला नको. मुलगा अजून काही बोललेला नाही. तो जिममध्ये आहे.